हलकी स्प्रिंग, जड काम

पिलाटेस या व्यायामपद्धतीबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं त्यात पोट, कंबर आणि हिंदी सिनेमातल्या नट्या एवढाच ऐवज असतो. स्प्रिंगबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मी काढणार आहे, कारण माझी नोकरीची सगळी वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत स्प्रिंगा बनवण्यात गेली. क्लचच्या, ब्रेकच्या, व्हॉल्व्हच्या, हातात मावणाऱ्या आणि क्रेननं उचलाव्या लागणाऱ्या. निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं की या वस्तूशी आपला संबंध संपला. मग कंबर धरली, फिजिओथेरपिस्टकडे गेलो आणि तिनं थोडे दिवस टेबलावर उपचार केल्यावर सांगितलं, "आता पिलाटेस सुरू करा, काका."

घरी आल्यावर बायकोला हे सांगितलं. ती गेली कित्येक वर्षं अय्यंगार योग करते. तिनं फक्त "बरं" म्हटलं. पुण्यात "बरं"चे किती अर्थ होतात ते पुणेकरांना सांगायला नको.

तर रिफॉर्मर, म्हणजे पिलाटेसचं मुख्य यंत्र. साधारण आठ फूट लांब चौकट, लाकडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची. तिच्यात दोन रूळ, रुळांवर चाकांची सरकती गादी, तिला कॅरेज म्हणायचं. एका टोकाला फूटबार नावाचा दांडा, कॅरेजवर डोकं ठेवायची जागा आणि खांदे अडवणारे दोन ठोकळे. दुसऱ्या टोकाला पुल्या, त्यांवरून आलेले दोर आणि दोरांच्या टोकांना हातापायात अडकवायचे पट्टे. आणि कॅरेजच्या पोटाखाली, फूटबारच्या बाजूला, ओळीनं लावलेल्या चार किंवा पाच एक्स्टेन्शन स्प्रिंगा, म्हणजे दाबायच्या नाहीत, ओढायच्या. एक टोक कॅरेजला कायमचं, दुसरं आडव्या बारला हुकानं अडकवायचं. जितक्या अडकवाल तितका जोर.

मी पहिल्या दिवशी गुडघे टेकून खालीच बघत बसलो. बारीक तारेच्या, घट्ट गुंडाळलेल्या, टोकाला निमुळत्या होत गेलेल्या, चांगल्या प्लेटिंगच्या स्प्रिंगा. मी वायरची जाडी विचारली. आमची प्रशिक्षिका माझ्या मुलीपेक्षा लहान आहे. ती म्हणाली, "काका, आधी झोपा. जाडी नंतर बघू."

एक्स्टेन्शन स्प्रिंगेची एक खोड आहे. ती गुंडाळतानाच वेटोळी एकमेकांवर दाबून गुंडाळतात, त्यामुळे तिच्यात मुळातच थोडा ताण भरलेला असतो. त्या ताणापेक्षा कमी जोर लावला तर ती हलतच नाही. एकदा उघडली की मग जितकी ओढाल तितका जोर वाढत जातो, सरळ रेषेत. डंबेलचं तसं नसतं. पाच किलोचं डंबेल वर नेताना, खाली आणताना, मधे थांबलात तरी पाच किलोच असतं, आणि त्याचा ओढा कायम जमिनीकडे. स्प्रिंगेचा जोर सुरुवातीला कमी, शेवटाला सर्वांत जास्त, आणि तुम्ही जिथं अडकवाल त्या दिशेला. म्हणजे पाय लांब करताना, जिथं गुडघा जवळजवळ सरळ झालेला असतो आणि आपण सगळे ढिले पडतो, नेमकं तिथं ती सर्वांत जास्त ओढते.

आणि परत येताना काय? डंबेल खाली आणताना लोक ते सोडून देतात, गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर. स्प्रिंग सोडली तर कॅरेज धाडकन येऊन आपटते आणि अख्ख्या स्टुडिओला कळतं. त्यामुळे परतीचा प्रवासही स्नायूंनीच करावा लागतो, हळूहळू, ब्रेक लावत. स्नायू लांब होत असताना काम करतो तो हा प्रकार. दुसऱ्या दिवशी दुखतं ते बहुतेक यानंच. आमच्या स्टुडिओत सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य "आवाज नको, काका" हे आहे. कारखान्यात मी हेच पोरांना सांगायचो, पण ते गप्पांबद्दल.

आता मूळ मुद्दा. नवीन आलेला प्रत्येक जण, विशेषतः पुरुष, स्प्रिंगा मोजतो. शेजारच्या तरुणानं चार लावल्या, मग मला दोन का? जिममधून आलेली ही सवय आहे: जास्त प्लेटा म्हणजे जास्त मर्दानगी. फुटवर्क नावाच्या पहिल्याच व्यायामात ते काही अंशी खरं आहे. उताणं झोपून, पाय फूटबारवर ठेवून कॅरेज ढकलायची. मांड्या बळकट असतात, तीन-चार स्प्रिंगा लागतातच. पण नंतर लाँग स्ट्रेच येतो. हात फूटबारवर, पावलं खांद्यांच्या ठोकळ्यांना टेकलेली, अंग फळीसारखं सरळ, आणि त्या स्थितीत कॅरेज मागं न्यायची आणि परत आणायची. इथं स्प्रिंग कॅरेजला फूटबारकडे ओढत असते, म्हणजे तुमच्याच बाजूनं काम करत असते. ती जड असेल तर तुम्हाला सावरून धरते. हलकी केली की कॅरेज अंगाच्या वजनानं पळायला बघते आणि तिला थांबवायचं काम पोटाकडे येतं. ज्या तरुणानं फुटवर्कला चार स्प्रिंगा लावल्या होत्या तो एका हलक्या स्प्रिंगेवर थरथरताना मी बघितला आहे. मला तेव्हा जो आनंद झाला तो माझ्या वयाला शोभणारा नव्हता.

म्हणून कुठलाही पिलाटेसचा व्यायाम बघताना मी एकच प्रश्न विचारतो: इथं स्प्रिंग माझ्या विरुद्ध आहे की माझ्या बाजूनं? उत्तर मिळालं की जड कशाला आणि हलकी कशाला ते आपोआप कळतं.

दोरांचं गणितही गमतीचं आहे. आमच्या मशीनवर दोराचं एक टोक कॅरेजलाच बांधलेलं आहे; तिथून तो पुलीवरून फिरून हातात येतो. मी स्वतः कॅरेजवर झोपलेला. म्हणजे एका दोराच्या दोन पदरांनी मला आणि कॅरेजला मिळून पुलीकडे ओढलं. दोर दोन, पदर चार. घर्षण सोडलं तर स्प्रिंगेच्या एकूण जोराचा चौथा हिस्सा एका हाताला जाणवतो, आणि त्याची किंमत म्हणून हात अंगाच्या मानानं कॅरेजच्या दुप्पट अंतर फिरतो. त्यामुळे पायांना लावलेल्या स्प्रिंगा हातांनाही झेपतात आणि हात मोठ्या कमानीत फिरवता येतात. हे मी प्रशिक्षिकेला कागदावर काढून दाखवलं. तिनं कागद ठेवून घेतला आणि मला पुढचा व्यायाम दिला.

हे सगळं ज्यानं डोक्यातून काढलं तो इंजिनिअर नव्हता. जोसेफ पिलाटेस, जन्म १८८३, जर्मनीतल्या म्योन्शेनग्लाडबाख गावचा. लहानपणी दमा, मुडदूस आणि संधिवाताचा ताप. म्हणजे शरीर म्हणून जे मिळालं होतं ते नाकारण्यापासूनच त्याची सुरुवात. जिम्नॅस्टिक्स, कुस्ती, बॉक्सिंग सगळं केलं. पहिल्या महायुद्धाच्या आधी तो इंग्लंडला गेला, आणि युद्ध सुरू झाल्यावर शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला डांबलं. आधी लँकेस्टरला, मग आइल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकलो छावणीत. त्या छावणीत वीस हजारांहून जास्त कैदी होते. तिथं त्यानं लोकांना व्यायाम शिकवला. आजारी कैद्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून पडल्या पडल्या हातपाय हलवायला लावले, ही गोष्ट जगातला प्रत्येक पिलाटेस शिक्षक सांगतो. मला ती आवडते, कारण कॅडिलॅक नावाचं त्याचं यंत्र बघितलं की खाटच दिसते.

१९२६ मध्ये तो अमेरिकेला गेला. बोटीवर क्लारा भेटली, ती पुढं आयुष्यभर सोबत राहिली आणि अनेक शिष्यांच्या मते दोघांमधली अधिक चांगली शिक्षिका तीच होती. न्यूयॉर्कमध्ये आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर ९३९ क्रमांकाच्या इमारतीत त्यांनी स्टुडिओ काढला. आजूबाजूला नृत्याचे वर्ग. नर्तक म्हटलं की घोटे, गुडघे आणि कंबर. दुरुस्तीला माल भरपूर. बॅले बसवणारे जॉर्ज बॅलन्शिन आपल्या नर्तकांना त्याच्याकडे पाठवायचे. घोटा दुखावला म्हणून अशीच पाठवली गेलेली रोमाना क्रिझानोव्स्का पुढं त्या परंपरेची सर्वांत कडक राखणदार झाली. पिलाटेसनं आपल्या पद्धतीला 'कंट्रॉलॉजी' नाव दिलं होतं. लोकांनी ते बाजूला ठेवून आडनावच उचललं. रिफॉर्मरच्या पूर्वजाचं अमेरिकन पेटंट १९२७ चं आहे. १९६७ मध्ये तो गेला.

त्याच्या यंत्रांची नावं ऐकली तर माणूस तुरुंगात राहून आला होता हे पटतं. एक गिलोटीन, एक इलेक्ट्रिक चेअर. मी अजून दोन्हींवर बसलेलो नाही. घाई नाही.

यंत्रांच्या आधी चटई सांगायला हवी, कारण बहुतेकांचा पिलाटेसशी संबंध तिथंच येतो आणि तिथंच संपतो. १९४५ च्या पुस्तकात पिलाटेसनं चटईवरचे ३४ व्यायाम ठरावीक क्रमानं दिले. पहिला हंड्रेड: उताणं झोपून डोकं, खांदे आणि पाय उचललेले, हात मांड्यांशेजारी वरखाली हापसायचे, पाच हापशांत श्वास आत, पाच हापशांत बाहेर, असं दहा वेळा. वाचायला अगदी सोपं. चटई स्वस्त, घरी होते, यूट्यूबवर फुकट, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि आठवड्याभरात मान धरली म्हणून सोडून देतात. माझं मत उलटं आहे. चटई ही शेवटची पायरी. तिथं स्प्रिंग नाही, म्हणजे सावरणारं कोणी नाही. पायांचं अख्खं वजन पोटावर. रोल अप घ्या: झोपलेल्या स्थितीतून एकेक मणका उचलत उठून बसायचं. ताठ कंबरेचा माझ्यासारखा माणूस अर्ध्यात अडकतो आणि मग झटका मारतो. तोच व्यायाम कॅडिलॅकवर, स्प्रिंगांना टांगलेला दांडा हातात धरून केला, की ती स्प्रिंग वर उठताना अलगद ओढून घेते. कण्याला कळतं की असं वाकता येतं. महिनोन् महिने तिथं केल्यावर चटईवर जमायला लागतं.

कॅडिलॅक म्हणजे उंच पलंग आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर लोखंडी नळ्यांची मच्छरदाणीसारखी चौकट. तिला सगळीकडे सरकती आडवी नळकांडी, त्यांना हवं त्या उंचीवर स्प्रिंगा, एक झोका, लोकरीचे गुबगुबीत पट्टे आणि एका टोकाला पुढं-मागं फिरणारा दांडा. रिफॉर्मरवर गादी हलते आणि स्प्रिंगा एकाच दिशेला असतात. इथं गादी स्थिर आणि स्प्रिंगा चारी बाजूंनी. म्हणून दुखणाईत माणसाला हे यंत्र आधी देतात. ज्याला सरकत्या गादीची भीती वाटते तो इथं निवांत झोपतो. पण वरच्या नळीला पाय अडकवून उलटं लटकायचे प्रकारही याच यंत्रावर होतात. मी लहानपणी टिळक रस्त्यावरच्या महाराष्ट्रीय मंडळात मल्लखांब केलेला. त्यामुळे एकदा हौसेनं म्हटलं, लटकू का? प्रशिक्षिकेनं माझा रक्तदाब विचारला. विषय संपला.

कॅडिलॅकच्या टोकाला जो पुढं-मागं फिरणारा दांडा सांगितला त्याबद्दल एक सांगून ठेवतो, कारण हे मी इंजिनिअर म्हणून बघितलं. त्याला स्प्रिंग वरून लावली तर तो खाली ओढायचा. खालून लावली तर स्प्रिंग त्याला कायम खाली खेचत असते, आणि तुमचा हात निसटला तर तो तोंडाच्या दिशेनं फिरून येऊ शकतो. म्हणून खालून स्प्रिंग लावताना दांड्याला वरून सुरक्षेचा पट्टा किंवा साखळी अडकवतात. ती न अडकवता कोणी काम सुरू केलं तर उठून बसा आणि अडकवायला सांगा. शिक्षक कितीही नावाजलेला असो.

मग वुंडा चेअर. बसायला खुर्ची म्हणून ठेवा, पाडली की व्यायामाचं यंत्र, अशी पिलाटेसची मूळ कल्पना होती. न्यूयॉर्कच्या छोट्या घरांसाठी. दिसायला एक पेटी, तिला पुढं एक पायटा, म्हणजे पेडल, आणि पायट्यामागं स्प्रिंगा. माझ्या मते सर्वांत धूर्त यंत्र हेच. पायट्यावर हात ठेवून, पाय पेटीवर... नाही, उलटं: पावलं पायट्यावर, हात पेटीच्या वर, कुल्ले छताकडे, आणि पोटाच्या जोरावर पायट्यासकट अख्खं अंग वर उचलायचं. स्प्रिंग पायट्याला वर ढकलते, म्हणजे ती तुम्हाला उचलायला मदत करते. इथंही जड म्हणजे सोपं. एका पायानं पायट्यावरून पेटीवर चढायचा जो व्यायाम आहे, त्यातही तसंच. स्प्रिंग कमी करत गेलं की आपण पायऱ्या कशा चढतो ते लख्ख कळतं. मला माझा डावा पाय किती आळशी आहे हे इथं कळलं. जिन्यावर तो उजव्याच्या मागं लपतो.

बॅरलमध्ये स्प्रिंग नाही, म्हणून मी लवकर आटोपतो. शिडीला जोडलेलं अर्धगोल पिंप, ज्यावर पाठ किंवा कूस टेकवून मागं वाकायचं. आणि त्याचाच जमिनीवर ठेवायचा धाकटा भाऊ, स्पाइन करेक्टर. दिवसभर संगणकापुढं बसणाऱ्यांना यावर पडून राहायला फार बरं वाटतं आणि ते उठायला तयार नसतात.

छोट्या वस्तूंमध्ये मॅजिक सर्कल ही माझी आवडती. दोन बाजूंना मऊ मुठी असलेली लवचिक कडी, गुडघ्यांत किंवा तळहातांत धरून दाबायची. पहिली कडी पिंपाच्या लोखंडी पट्टीची होती असं सांगतात. ही खरं तर वाकणारी स्प्रिंगच, फक्त गुंडाळलेली नाही. रबरी पट्टे मात्र मला खटकतात. रबर स्प्रिंगेसारखं सरळ रेषेत वागत नाही. ओढताना जो जोर लावता त्यातला काही उष्णतेत जातो आणि परतताना तितका मिळत नाही. म्हणजे परतीच्या प्रवासाचं जे काम वर सांगितलं तेच इथं पातळ होतं. शिवाय रबर म्हातारं होतं, बारीक चिरा पडतात आणि एक दिवस फट्. प्रवासाला न्यायला ठीक. मऊ चेंडू आणि फोमचा रोलर हे आधार काढून घेणारे प्रकार. त्यांच्यावर झोपलं की स्थिर राहणं हाच व्यायाम होतो.

आता लोक विचारतात की पिलाटेसचे इतके प्रकार कसे? एक कारण न्यायालयाचं आहे. अमेरिकेत काही काळ 'पिलाटेस' हे नाव ट्रेडमार्क होतं आणि परवानगीशिवाय कोणी वापरलं तर नोटीस यायची. ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयानं निकाल दिला की पिलाटेस हे योग किंवा कराटेसारखं व्यायामपद्धतीचं सामान्य नाव आहे, कोणाच्या मालकीचं नाही. ही लढाई लढणाऱ्यांत केन एंडेलमन होता. तो मूळचा कॅलिफोर्नियातला फर्निचर बनवणारा. १९७६ मध्ये गिऱ्हाइकाच्या मागणीवरून रिफॉर्मर करायला घेतला आणि पुढं त्यातूनच बॅलन्स्ड बॉडी ही मोठी कंपनी उभी राहिली. सुताराच्या हातात पडल्यावर यंत्रं सुधारली, दोर आले, उंची बदलता येऊ लागली. निकालानंतर मात्र दार सताड उघडलं. कोणीही काहीही करावं आणि पाटीवर पिलाटेस लिहावं.

त्यातल्या त्यात ओळखायला सोपे गट असे. क्लासिकल म्हणजे जोसेफचा क्रम, जोसेफचीच यंत्रं, चामड्याचे पट्टे, आणि चारही स्प्रिंगा एकसारख्या ताकदीच्या. यात शिक्षक तुम्हाला थांबू देत नाही. एकातून दुसऱ्यात जाणं हाही व्यायामाचाच भाग. कंटेम्पररी म्हणजे फिजिओथेरपीचं नवं ज्ञान घेऊन बदललेलं; टोरांटोत १९८८ मध्ये सुरू झालेलं स्टॉट हे त्यातलं मोठं घराणं. इथं स्प्रिंगा रंगीत असतात, लाल जड, निळी मध्यम, पिवळी अगदी हलकी वगैरे. सावध एवढंच की हे रंग सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. एका स्टुडिओतली "एक लाल, एक निळी" दुसऱ्या स्टुडिओत सांगितली तर वेगळाच प्रसंग ओढवेल. भारतीय मानक ब्युरोनं यात लक्ष घालावं असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्या घरी हे मत कोणी मनावर घेत नाही.

क्लिनिकल पिलाटेस फिजिओथेरपिस्ट घेतात, एकेका माणसाला तपासून. ऑस्ट्रेलियात हे फार रुजलं आहे. मेलबर्नला असलेला माझा भाचा पाठीसाठी डॉक्टरकडे गेला तर त्यालाही तिकडेच धाडलं. मी करतो ते साधारण या जातीचं. आणि चौथा, सध्या जोरात असलेला प्रकार: दहा-बारा रिफॉर्मर एका खोलीत, दिवे मंद, गाणी मोठी, माईकवर शिक्षिका. मी एकदा भाचीबरोबर गेलो. व्यायाम झाला, घाम आला, पोरं खूश होती. पण बारा जणांच्या बारा कंबरा एक शिक्षिका बघू शकत नाही, हे कारखान्यात तपासनीस म्हणून काम केलेला कोणीही सांगेल. तरुण आणि धडधाकट असाल तर जा. कंबर धरलेली असेल तर नको. मेगाफॉर्मर नावाचं जे यंत्र दिसतं ते सेबास्टियन लाग्रे यांनी काढलेलं; रिफॉर्मरचा नातेवाईक आहे, पण त्याचा हेतू स्नायू दमवणं हा, म्हणून त्याला पिलाटेसमध्ये धरू नये. 'वॉल पिलाटेस'मध्ये भिंतीला पाय लावतात. भिंतीला स्प्रिंग नसते. पुढं जाऊ.

बायकोचा "बरं" इथं मला आठवत राहतो, कारण अय्यंगारांच्या साधनांशी तुलना टाळता येत नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले. त्यांचंही बालपण मलेरिया, क्षय आणि विषमज्वरानं पोखरलेलं. म्हणजे आजारी पोरानं शरीर दुरुस्तीचं शास्त्र काढायचं हा योगायोग दोन्हीकडे. मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या संस्थेत भिंतीला दोर आहेत, पट्टे, लोड, विटा, लाकडी बाक आहेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती खोलीही व्यायामशाळाच वाटते. पण तिथला दोर ताणत नाही. तो तुम्हाला एका जागी धरून ठेवतो, म्हणजे आसनात जास्त वेळ थांबता येतं आणि शरीराला आतून बघता येतं. पिलाटेसचं साधन थांबू देत नाही. ते ओढतं, तुम्ही उत्तर देता, ते पुन्हा ओढतं. आमच्या घरी यावर बरीच चर्चा झाली आहे. तिचं म्हणणं, ज्याला स्थिर राहता येत नाही त्यानं हलण्याचं कौतुक सांगू नये. माझं म्हणणं, जिना चढताना आसनात थांबता येत नाही. दोघंही आपापल्या जागी राहिलो आहोत. मात्र ती ज्या बारकाईनं तळपायाचा कोणता कोपरा जमिनीला टेकला ते सांगते, ती बारकाई पिलाटेसवाल्यांच्या सर्वांत चांगल्या शिक्षकांतच आढळते.

फायदा होतो का? कंबरदुखीबद्दल २०१५ मध्ये कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आला. त्याचं सार असं की काहीच न करण्यापेक्षा किंवा जुजबी उपचारांपेक्षा पिलाटेस बरं, त्यासाठीचा पुरावा मध्यम ते कमी दर्जाचा. आणि इतर व्यायामांपेक्षा ते वरचढ आहे असं ठाम सांगण्यासारखं काही नाही. मला हे पटतं. माझी कंबर सुधारली ती पिलाटेसमुळे की नियमित काहीतरी केल्यामुळे, हे वेगळं काढायला दुसरा मी हवा. पण चालण्याचा मला कंटाळा येतो आणि स्प्रिंगेचा येत नाही, हेही औषधच.

पैशांचं बोलायलाच हवं. पुण्यात खासगी तासाला दीड-दोन हजार रुपये सहज जातात, गटात कमी. चटईचा वर्ग त्यामानानं स्वस्त. महागाईचं मुख्य कारण यंत्र, त्याला लागणारी जागा आणि एका शिक्षकाला एकच माणूस. निवृत्तिवेतनात हे बसवायचं तर आठवड्याला एकदा यंत्रावर आणि बाकी दिवस घरी चटईवर, असा मार्ग मी काढला आहे.

स्टुडिओ निवडताना लोक आरसे आणि एसी बघतात. तुम्ही स्प्रिंगा बघा. एक्स्टेन्शन स्प्रिंग तुटते ती बहुतेक वेळा हुकाजवळ, कारण वायर तिथं वाकलेली असते आणि ताण तिथंच साठतो. हुकाची आतली बाजू झिजून चपटी झाली आहे का, वेटोळ्यांमध्ये सैल असतानाही फट दिसते का, गंज आहे का, कुठं पिचल्यासारखा खळगा आहे का. ताण नसताना वेटोळी एकमेकांना टेकलेली हवीत. फट दिसली म्हणजे ती स्प्रिंग थकली. काही कंपन्या दर दोन वर्षांनी सगळ्या स्प्रिंगा बदलायला सांगतात आणि तो सल्ला पैसे उकळायचा नाही. शेवटच्या कधी बदलल्या हे विचारा. उत्तर देताना समोरचा गोंधळला तर दुसरा स्टुडिओ बघा. आमच्या इथं मी विचारलं तेव्हा त्यांनी वहीच काढून दाखवली, तारीखवार. त्या दिवशी माझं तिथलं नाव पक्कं झालं. आता नवीन स्प्रिंगा आल्या की खोका आधी माझ्यासमोर उघडतात.

घरी रिफॉर्मर घ्यावा का, असं दोघा-तिघांनी विचारलंय. घडीचे स्वस्त रिफॉर्मर ऑनलाइन मिळतात. त्यांतल्या बऱ्याचशात स्प्रिंगेऐवजी रबरी दोर असतो, आणि रबराबद्दल माझं मत वर दिलं आहे. खरा घ्यायचा तर आठ फूट यंत्र, वर पाय लांब करायला आणि आजूबाजूनं फिरायला जागा. मी आमच्या मागच्या खोलीत टेप लावून मोजून बघितलं. कपाट हलवलं तर बसतो. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, बसतो तर घ्या की. फक्त मग तुम्ही झोपणार कुठं ते सांगा."